किनारी ग्रामजीवनातील मोटारसायकल आणि हस्तकौशल्य : थळ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ग्रामीण भागात मोटारसायकल हे केवळ प्रवासाचे साधन नसून उपजीविकेचे अवजार आहे. ती चालू ठेवण्यासाठी आणि गरजेनुसार तिच्यात फेरफार करण्यासाठी लागणारे हस्तकौशल्य हा ग्रामजीवनाचा महत्त्वाचा, परंतु अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिलेला घटक होय. दुसरीकडे, लांब पल्ल्याच्या दुचाकी पर्यटनासाठी स्वतःच्या हातांनी मोटारसायकल सज्ज करण्याची आवडही गेल्या दोन दशकांत वाढली आहे. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यातल्या थळ या किनारी गावाच्या संदर्भात या दोन्ही प्रवाहांचा एकत्रित विचार केला असून, घरगुती फेरफारांमागील यांत्रिक व विद्युत तत्त्वे, खाऱ्या हवेचे परिणाम, कायद्याची चौकट आणि बदलत्या तंत्रज्ञानामुळे निर्माण झालेले प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ग्रामीण हस्तकौशल्य, मोटारसायकल, दुचाकी पर्यटन, गंज, मोटार वाहन कायदा, दुरुस्तीचा हक्क.

१. प्रस्तावना

यंत्र विकत घेणे आणि यंत्र चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पैसा लागतो, दुसरीसाठी ज्ञान. शहरात बिघडलेले वाहन सेवा केंद्रात ठेवून बसने वा रेल्वेने कामावर जाता येते. खेड्यात तशी सोय बहुधा नसते. पहाटे बंदरावर घेतलेली मासळी दुपारपूर्वी विकली गेली नाही तर बर्फ वितळतो आणि मालाची किंमत उतरते. अशा वेळी तुटलेली क्लच केबल ही केवळ तांत्रिक अडचण राहत नाही, तर त्या दिवसाच्या मिळकतीचा प्रश्न बनते. त्यामुळे खेड्यातील वाहनधारक पाना-पक्कड हाती घेतो तो हौसेने नव्हे, तर गरजेपोटी.

याउलट, दुचाकीवरून शेकडो किलोमीटरची भ्रमंती करणारा पर्यटक सामान लावण्याची चौकट, जादा दिवे, मोबाइल भारित करण्याची जोडणी यांसारख्या सुधारणा स्वतः करतो त्या प्रामुख्याने आवड आणि आत्मनिर्भरता यांसाठी. वरवर पाहता या दोघांत साम्य नाही. तथापि दोघांनाही घरापासून दूर, मर्यादित हत्यारांनिशी, भार वाहणारे यंत्र चालते ठेवायचे असते. म्हणूनच दोघांचे तांत्रिक प्रश्न आणि त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी समान आहेत. या कौशल्याचे सामर्थ्य कोठे आहे आणि त्याची मर्यादा कोठे आखली पाहिजे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. थळ : भौगोलिक व आर्थिक पार्श्वभूमी

अलिबागच्या उत्तरेस काही किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या काठी थळ हे गाव वसले आहे. गावासमोर समुद्रात खांदेरी व उंदेरी ही बेटे आहेत. खांदेरीची तटबंदी छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये उभारण्यास प्रारंभ केला, तेव्हा इंग्रज व सिद्दी यांच्या मोठ्या जहाजांना चुकवून लहान, उथळ तळाच्या होड्यांनी बेटाकडे रसद पोहोचविण्यात आली होती. परिस्थितीला साजेसे लहान वाहन मोठ्या साधनांवर मात करू शकते, याचे ते ऐतिहासिक उदाहरण होय. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या गटात खांदेरीचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मासेमारी, नारळ-सुपारीच्या वाड्या, भातशेती आणि त्यानंतर घेतली जाणारी वाल, पांढरा कांदा यांसारखी पिके हे या पट्ट्याचे परंपरागत आधार आहेत. १९८० च्या दशकात राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतप्रकल्प थळ येथे सुरू झाला आणि फिटर, वेल्डर, विद्युत तंत्रज्ञ अशा औद्योगिक कौशल्यांना परिसरात प्रत्यक्ष मागणी निर्माण झाली. कोळीवाडा, वाडी आणि कारखाना असे तीन प्रकारचे श्रम येथे शेजारी-शेजारी नांदतात.

वाहतुकीच्या दृष्टीनेही या भागाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. मुंबईहून पेण-वडखळमार्गे अलिबागला रस्त्याने येण्यास सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो जलसेवा सुरू झाल्यानंतर वाहनासह खाडी ओलांडणे सुमारे एका तासात शक्य झाले. परिणामी मांडवा, किहीम, थळ, अलिबाग या रस्त्यावर पर्यटकांच्या मोटारसायकली आणि मासळीच्या पेट्या बांधलेल्या स्थानिक मोटारसायकली एकमेकींच्या बाजूने धावताना दिसतात.

३. हस्तकौशल्याची परंपरा

महाराष्ट्रातील खेड्यांत दुरुस्तीचे काम कोणी करावे हे पूर्वी समाजव्यवस्थेनेच ठरवून दिलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्रण केले आहे, त्यात सुतार व लोहार यांचे स्थान महत्त्वाचे आहे. नांगराचा फाळ शेवटणे, गाडीच्या चाकाला धाव चढविणे ही कामे वार्षिक बलुत्याच्या मोबदल्यात होत असत. यंत्रयुगात ही चौकट मोडली, मात्र गरज संपली नाही. तिची जागा सायकलच्या दुकानाने, नंतर गॅरेजने आणि अंशतः घरोघरच्या हत्यारांच्या डब्याने घेतली.

सायकल दुरुस्तीपासून यंत्रनिर्मितीपर्यंतच्या प्रवासाचे मराठी भाषकांना परिचित असलेले उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेला हा उद्योग पुढे लोखंडी नांगरापर्यंत पोहोचला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. अलीकडच्या काळात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने वेल्डिंग, विद्युतजोडणी, बांधकाम व शेती ही कामे शिक्षणाचेच माध्यम मानली. हाताने काम करताना बुद्धीचा विकास होतो, हे त्यामागील सूत्र होते. गुजरातेतील अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात बुलेट मोटारसायकलच्या मागील भागी शेती अवजारे जोडून तयार केलेले 'बुलेट सांती' हे यंत्र याच वृत्तीचे फळ होय.

थळसारख्या गावात या कौशल्याला ऋतुचक्राची जोड आहे. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. तत्पूर्वी घरांची कौले चाळणे, छपरे शाकारणे ही कामे उरकलेली असतात. बंदीच्या काळात जाळी विणणे, होडीच्या फळ्या व डिझेल इंजिन यांची दुरुस्ती करणे आणि सोबतच मोटारसायकल खोलून साफ करणे ही कामे होतात. होडीचे इंजिन उघडणाऱ्या हातांना मोटारसायकलचे इंजिन परके नसते. हस्तकौशल्य असे एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे वाहत जाते.

४. खारी हवा आणि गंज

किनाऱ्यावरील मोटारसायकलचा पहिला शत्रू खड्डे नसून मीठ आहे. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात आणि धातूच्या पृष्ठभागावर मिठाचा अदृश्य थर बसतो. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. समुद्री मिठातील मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे ही क्रिया त्याहून कमी आर्द्रतेलाही घडते. कोकण किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता वर्षातील बराच काळ याहून अधिक असते. म्हणजेच पावसाचा एक थेंब न पडताही वाहनावर रात्रभर खाऱ्या पाण्याची पातळ चादर राहते. त्यातील क्लोराइड आयन लोखंडावरील संरक्षक थर भेदतात आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. मासळीच्या पेटीतून ठिबकणारे बर्फाचे खारट पाणी यात भर घालते. ते नेमके मागील मडगार्ड, चेन आणि शॉकअप यांवर पडते.

यावर सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय म्हणजे गोड्या पाण्याने नियमित धुणे. मात्र पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या बेअरिंगवर थेट मारू नये, कारण त्याने ग्रीस बाहेर पडून पाणी आत शिरते. धुतल्यावर वाहन थोडे चालवून सुकवावे आणि उघड्या बोल्टांवर तेलाचा हात फिरवावा. पेटीच्या तळाशी पन्हळ लावून नळीने पाणी चाकाच्या बाहेर सोडण्याची साधी युक्ती चेनचे आयुष्य वाढविते.

येथे एक चूक वारंवार होते. गंजलेला लोखंडी बोल्ट काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसविला की प्रश्न सुटला, असे समजले जाते. परंतु इंजिनाचे आवरण अॅल्युमिनियमचे असते. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की त्यांच्यात विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि अधिक क्रियाशील धातू, म्हणजे येथे अॅल्युमिनियम, झिजतो. बोल्ट चकचकीत राहतो, पण त्याचे आटे ज्या भागात आहेत तो भाग पिठासारखा भुसभुशीत होतो. म्हणून असा बोल्ट बसविताना आट्यांना ग्रीस किंवा चिकट-प्रतिबंधक लेप लावणे आवश्यक ठरते. तसेच जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीवर वेल्डिंग केल्यास त्या ठिकाणचा मुलामा जळून जातो. तो भाग घासून त्यावर जस्तयुक्त प्राइमर न लावल्यास गंज तेथूनच सुरू होतो. शिवाय, जस्त जळताना निघणारा पांढरा धूर आरोग्यास अपायकारक असतो. त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

५. सामानाचे कॅरिअर आणि भाराचे गणित

पर्यटक असो वा मासळी विक्रेता, मोटारसायकलमध्ये पहिला फेरफार होतो तो मागील कॅरिअरचा. लोखंडी सळई वा नळी वाकवून, वेल्डिंग करून, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पेटी बांधली की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात भार किती आहे यापेक्षा तो कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे असते.

समजा, दोन चाकांच्या आसांमधील अंतर १३५० मि.मी. आहे आणि ३० कि.ग्रॅ. वजनाची पेटी मागील आसाच्या ३०० मि.मी. मागे ठेवली आहे. तरफेच्या नियमानुसार मागील चाकावर ३० नव्हे, तर सुमारे ३६.७ कि.ग्रॅ. भार वाढतो आणि पुढील चाकावरचा भार सुमारे ६.७ कि.ग्रॅ. ने कमी होतो. हीच पेटी मागील आसाच्या २५० मि.मी. पुढे, म्हणजे मागच्या आसनावर ठेवली, तर पुढील चाकावर सुमारे ५.६ कि.ग्रॅ. भार वाढतो आणि उरलेला २४.४ कि.ग्रॅ. मागील चाकावर जातो. पुढील चाक हलके होणे म्हणजे हँडल सैल वाटणे, ओल्या रस्त्यावर वळताना पकड सुटणे आणि पुढील ब्रेकचा परिणाम घटणे. हँडल डगमगते अशी तक्रार अनेकदा चिमट्याच्या बेअरिंगवर ढकलली जाते, मूळ कारण मात्र मागे लटकणारी पेटी असते.

दुसरा मुद्दा कॅरिअरच्या आधाराचा. खड्ड्यात चाक आदळल्यावर भाराचा परिणाम क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. ही शक्ती सरळ सांगाड्यापर्यंत पोहोचली पाहिजे. कॅरिअर केवळ मडगार्डच्या पत्र्याला जोडलेले असल्यास बोल्टच्या भोकापासून पत्र्याला चीर जाते. वेल्डिंगची जोड एकाच फटक्यात क्वचितच तुटते. हजारो लहान हादऱ्यांनी तिच्या कडेला केसासारखी चीर पडते आणि ती वाढत जाते. म्हणून दर महिन्याला जोड पुसून कडांची पाहणी करणे, आणि रंगाला गेलेली बारीक रेघ ही चीर तर नाही ना हे तपासणे, हा कोणत्याही खर्चाविना होणारा सुरक्षेचा उपाय आहे.

वाढीव भारासाठी टायरमधील हवेचा दाब उत्पादकाच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवावा लागतो. मागील शॉकअपच्या स्प्रिंगचा ताणही त्यानुसार एक-दोन घरे वाढविता येतो. या दोन गोष्टींना एक पैसाही पडत नाही, तरीही नेमक्या त्याच बहुधा राहून जातात.

६. विद्युतजोडणीचे तत्त्व

धुक्यात वा पावसाळी रात्री मोटारसायकलचा एक दिवा अपुरा वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे जादा दिवे लावण्याकडे ओढा असतो. येथे प्रथम हिशेब करावा लागतो. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. २० वॅटचे दोन एलईडी दिवे मात्र साडेतीन अँपिअरपेक्षाही कमी घेतात. इंजिनासोबत फिरणाऱ्या जनित्राची क्षमता ठरावीक असते. त्यातून वाहनाची स्वतःची गरज वजा जाता जे उरते त्यातच जादा उपकरणे बसली पाहिजेत, अन्यथा फरक बॅटरीतून भरून निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होत नाही.

दुसरा प्रश्न तारेच्या जाडीचा. १ चौ.मि.मी. तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाऊन परत येणारी तार एकूण ४ मीटर धरली आणि तिची जाडी ०.५ चौ.मि.मी. असली, तर ९ अँपिअरला सुमारे १.२६ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. हॅलोजन दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून फार वेगाने घटतो. दाब १० टक्क्यांनी कमी झाला तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणजे मोठा दिवा घेऊन बारीक तार लावणाऱ्याने पैसे दिव्यासाठी मोजले आणि उष्णता मात्र तारेत विकत घेतली.

यावरून जोडणीचे नियम स्पष्ट होतात. जादा दिव्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार घ्यावी, तिच्यात बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा आणि हँडलवरील बटणातून केवळ रिलेचा अल्प प्रवाह न्यावा. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. तो बॅटरीपासून दूर लावला तर मधली तार घासून सांगाड्याला टेकल्यास आग लागू शकते. फ्यूज जळाल्यावर त्याजागी तारेचा तुकडा वा चांदी (सिगारेटच्या पाकिटातील कागद) गुंडाळणे ही अत्यंत घातक सवय आहे. किनारी भागात नुसती पिळून चिकटपट्टी लावलेली जोड काही महिन्यांत आतून हिरवी पडते, म्हणून जोड दाबून, डाख देऊन, उष्णतेने आवळणाऱ्या नळीने झाकावी. जादा दिव्याचा झोत खाली झुकलेला असणे हाही सुरक्षेचाच भाग आहे. स्वतःला अधिक दिसावे म्हणून समोरच्याला आंधळे करणे ही सुधारणा नव्हे.

७. चेन व गिअरचे प्रमाण

चेन हा मोटारसायकलचा सर्वांत उघडा आणि सर्वांत जास्त झिजणारा भाग आहे. वाळू, मीठ आणि जुने तेल यांचे मिश्रण घासकागदासारखे काम करते. चेन रॉकेलने पुसून, वाळवून, मग आतील बाजूस तेल सोडावे. ओ-रिंग असलेली चेन पेट्रोलने धुतल्यास रबर खराब होण्याची शक्यता असते. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा समान ठेवणे आणि माणूस व भार यांसह ढिलाई तपासणे आवश्यक असते, कारण रिकाम्या गाडीवर घट्ट बसवलेली चेन भार येताच अधिक ताणली जाते. चक्राचे दात आकड्यासारखे वाकलेले असल्यास केवळ चेन बदलून उपयोग होत नाही. चेन व दोन्ही चक्रे एकत्र बदलावी लागतात.

चक्रांच्या दातांची संख्या बदलणे हा पर्यटक आणि ग्रामीण वाहनधारक यांच्या गरजांतील फरक दाखविणारा उत्तम नमुना आहे. पुढील चक्राला १५ आणि मागील चक्राला ४५ दात असल्यास प्रमाण ३.० होते. पुढे १६ दातांचे चक्र लावल्यास ते सुमारे २.८१ होते, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ६ टक्के कमी होतात. हे मोकळ्या महामार्गावर सुखावह असते. याउलट १४ दातांचे चक्र लावल्यास प्रमाण ३.२१ होऊन ओढ सुमारे ७ टक्के वाढते. चढावर भार नेणाऱ्यास हे सोयीचे, पण इंधन अधिक लागते. यंत्रात फुकट काहीच मिळत नाही. एका बाजूस मिळविलेले दुसऱ्या बाजूस मोजावे लागते, हे तत्त्व येथे हाताला प्रत्यक्ष जाणवते.

८. हात आवरण्याची ठिकाणे

कौशल्याची खरी परीक्षा काय करता येते यात नसून काय करू नये हे ओळखण्यात असते. पहिले ठिकाण म्हणजे ब्रेक. द्रवचालित ब्रेकमधील द्रव हवेतील पाणी शोषतो आणि किनारी दमट हवेत ही क्रिया अधिक होते. पाणी शिरलेला द्रव उतारावर तापून उकळला की बुडबुडे होतात आणि दांडा दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून ठरावीक मुदतीत तो बदलला पाहिजे. त्याऐवजी इंजिन ऑइल वा अन्य खनिज तेल घालणे प्राणघातक आहे. त्याने आतील रबराच्या वायसर फुगतात आणि ब्रेक अडकतात वा निकामी होतात.

दुसरे ठिकाण म्हणजे सांगाडा, चिमटा आणि मागील चाकाचा दांडा. यांना चीर गेल्यास घरगुती वेल्डिंगने ती दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही. शेजारचा धातू उष्णतेने बदललेला असतो आणि पुढील चीर तेथेच पडते. तिसरे ठिकाण म्हणजे पेट्रोलची टाकी. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. कॅरिअरचे वेल्डिंग करतानाही शक्यतो ते गाडीपासून सोडवून करावे. गाडीवरच करणे अपरिहार्य असेल तर बॅटरी व इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची जोडणी काढून, वेल्डिंगची परतीची पकड कामाच्या अगदी जवळ लावावी. अन्यथा प्रवाह बेअरिंगमधून वाहून त्याच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात.

९. कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात याच तत्त्वाचा पुनरुच्चार केला. २०१९ च्या सुधारणेने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार अवैध बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा अर्थ हाताने काहीच करू नये असा नाही. झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे ही देखभाल होय. काढता येणारी पिशवी वा पेटी लावणे हे वाहनाचे मूळ स्वरूप बदलत नाही. २०२० मध्ये केंद्रीय नियमांत झालेल्या बदलानुसार मोटारसायकलवर हलकी पेटी बसविता येते. तिची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मि.मी. पेक्षा अधिक असू नये आणि ती मागच्या आसनाच्या जागी असल्यास दुसरी व्यक्ती बसू नये, असे बंधन आहे. सांगाडा कापणे, तिसरे चाक जोडणे, इंजिन बदलणे, सायलेन्सर पोकळ करणे हे मात्र निश्चितपणे मर्यादेबाहेरचे बदल आहेत. अपघात झाल्यास अशा बदलांमुळे विम्याच्या दाव्याबाबत वाद उद्भवतो आणि त्याची झळ बहुधा कुटुंबाला बसते. ग्रामीण कल्पकता आणि कायदा यांच्यात ताण आहे हे नाकारता येत नाही. शेतात वापरावयाचे यंत्र आणि सार्वजनिक रस्त्यावर धावणारे वाहन यांतील भेद ओळखणे हा तो ताण कमी करण्याचा एक मार्ग आहे.

१०. बदलते तंत्रज्ञान आणि दुरुस्तीचा हक्क

एप्रिल २०१९ पासून १२५ घ.सें.मी. पेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची प्रदूषण मानके लागू झाली. कार्ब्युरेटर जाऊन इंधन अंतःक्षेपण आले. प्रदूषण आणि सुरक्षा या दोन्ही दृष्टींनी हे स्वागतार्ह आहे. परंतु कार्ब्युरेटरमधील कचरा पेचकस व हवेच्या पंपाने काढता येत असे. संवेदकाचा बिघाड मात्र तपासणी यंत्राशिवाय कळत नाही. रस्त्याकडेला होणारी दुरुस्ती त्यामुळे अवघड झाली आहे.

इंधनातही बदल झाला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषते. दमट किनाऱ्यावर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर तळाशी बसून गंज धरू शकतो, तसेच जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व वायसर खराब होऊ शकतात. अशा गाड्यांची टाकी दीर्घकाळ अर्धवट भरलेली न ठेवणे आणि नळ्या वेळीच बदलणे हा घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय आहे.

ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग, माहितीपुस्तिका व तपासणी साधने स्वतंत्र कारागिरालाही मिळावीत, हा त्यामागील विचार आहे. ग्रामीण भागासाठी हा चैनीचा नव्हे, तर उपजीविकेचा प्रश्न आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. रायगड जिल्ह्यात घरांची छपरे उडाली, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा प्रसंगी छप्पर बसविणारा, करवत चालविणारा, बॅटरीवरून मोबाइल भारित करण्याची जोडणी करू शकणारा माणूस गावातच असणे याचे मोल पैशांत मोजता येत नाही. बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचा काळ गाव आपल्या हातांवरच काढते.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मोटारसायकलवरील घरगुती काम हे निव्वळ जुगाड नसून त्यामागे तरफ, रोध, विद्युत-रासायनिक क्रिया यांसारखी शालेय विज्ञानातील तत्त्वेच कार्यरत असतात. ती समजून घेतल्यास तेच काम अधिक टिकाऊ व सुरक्षित होते. दुसरा, किनारी भागात देखभालीचे वेळापत्रक कंपनीच्या सर्वसाधारण पुस्तिकेपेक्षा अधिक काटेकोर असावे लागते. तिसरा, ब्रेक, सांगाडा आणि इंधन यंत्रणा ही घरगुती प्रयोगांची क्षेत्रे नव्हेत, कारण तेथील चुकीची किंमत करणाऱ्याव्यतिरिक्त रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागते. चौथा, नवीन तंत्रज्ञानाने कालबाह्य ठरू लागलेले ग्रामीण कारागीर टिकवायचे असतील तर औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ग्रामीण महाविद्यालये आणि उत्पादक यांनी तपासणी साधनांचे प्रशिक्षण गावपातळीवर उपलब्ध करून दिले पाहिजे. मासेमारी बंदीचा काळ त्यासाठी स्वाभाविकपणे सोयीचा आहे.

मांडव्याच्या धक्क्यावर उतरलेला पर्यटक आणि थळच्या बंदरातून निघालेला मासळी विक्रेता यांच्या वाटा काही किलोमीटर एकच असतात. एकाचे यंत्र वाटेत बंद पडले तर त्याची सहल लांबते, दुसऱ्याची चूल अडते. परंतु बंद पडलेल्या यंत्राजवळ बसून ते पुन्हा सुरू करण्याचे ज्ञान दोघांचेही सारखेच आहे आणि ते जतन करणे ही समाजाची गरज आहे.